ही, ती आणि पाचशे चाळीस पानं

१ मार्च, सोमवार. सकाळी सव्वासात

आजपासून रोजनिशी. थोरामोठ्यांच्या रोजनिश्या त्यांच्या मागे सापडतात. सापडायच्या तर आधी कुणीतरी लिहायला हव्यात.

निमित्त: काल वाचनालयाचे सेक्रेटरी स्वतः घरी आले. वीस तारखेला, शनिवारी, संध्याकाळी साडेपाचला माझं व्याख्यान. विषय, एक नवी ऐतिहासिक कादंबरी. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका थोर लेखकाच्या दुर्लक्षित बायकोवर. ठरलेले वक्ते आजारी पडले आणि दुसरे दोघं मोकळे नव्हते, असं सेक्रेटरी म्हणाले. योग्य माणूस शेवटी सापडतोच.

पानं ५४०. दिवस वीस. रोज सत्तावीस. मी गेली बावीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासतोय. औषधाच्या खोक्यात चौदा घड्या घातलेला कागद असतो, मुंगीच्या अक्षरातला, तो माझ्या नजरेखालून गेलेला असतो. त्यापुढे कादंबरी म्हणजे डोळ्यांना सुट्टी.

खुलासा: या वहीत ‘ही’ म्हणजे आमची ही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवते. ‘ती’ म्हणजे कादंबरीतली, लेखकाची बायको. घोटाळा नको.

२ मार्च, मंगळवार

पाच पानं. पण कसून. पान एकवर ऱ्हस्वाचं दीर्घ झालंय, पान तीनवर अवतरणचिन्ह उघडलंय ते मिटलेलंच नाही. प्रकाशकांना पत्र लिहायला घेतलं, त्यात संध्याकाळ गेली. पत्र उत्तम उतरलंय. उद्या शहात्तर पानं, म्हणजे हिशेब चुकता.

४ मार्च, गुरुवार

पान ११. घाई केली तर मोठ्या पुस्तकाचा अपमान होतो.

पुस्तक ही घेऊन गेली. पुढचा विद्यार्थी येईपर्यंत गाडीत बसून वाचते म्हणे. आता पुस्तकच हाताशी नाही म्हटल्यावर मी काय करणार. माझ्या बाजूने तयारी होती.

जेवताना ही म्हणाली, शाळा बंद होणार आहे. या दिवसांत शाळांना सुट्ट्या लागतातच. मी मान डोलावली.

६ मार्च, शनिवार. दुपार

दोन दिवसांत ही १४० पानांवर. वेग आहे, खोली किती ते सांगता येत नाही. तरी भांडी पुसता पुसता हिच्याकडून कथानक काढून घेतलं (भांडी ही पुसत होती). ते असं:

लेखक थोर. निसर्ग, समुद्र, वादळं झकास लिहायचा. पण माणसं बोलायला लागली की याचं घोडं अडायचं. एखादी धोबीण नवऱ्याला काय म्हणेल, म्हातारा खलाशी शिव्या कशा देईल, काही सुचायचं नाही. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बायकोला विचारायचा. ती कणीक मळता मळता सांगायची, हा जाऊन लिहायचा. अख्ख्या देशाला पाठ झालेली त्याची वाक्यं अशी तिची. पुस्तकावर नाव याचं. सत्काराच्या फोटोत तिचा फक्त कोपर आलाय.

संताप आला. हिला म्हटलं, काय कृतघ्न माणूस. आणि याच विषयावर व्याख्यानात एक खणखणीत वाक्य हवं, सुचव बघू. ही म्हणाली, “त्याला तिचं बोलणं हवं होतं, तिचं म्हणणं नको होतं.”

वाक्य बरं आहे. थोडं घासूनपुसून घेईन.

८ मार्च, सोमवार. छापखाना, जेवणाची सुट्टी

आज मशीनवर खोकल्याचं औषध. ‘दिवसातून तीन वेळा’च्या जागी ‘तीन दिवसांतून वेळा’ असं लागलं होतं, पकडलं. माझ्यामुळे किती जीव वाचले असतील याची नोंद कुठेच नाही. दुर्लक्षित माणसाचं दुःख मी आतून जाणतो. व्याख्यानात घ्यावं.

मशीनमनला कादंबरीची गोष्ट सांगितली. तो हात पुसत ऐकत होता. त्याने विचारलं, मग ती बाई त्याला कधी काही बोलत नाही का? मी म्हटलं, बोलत असेल, तो ऐकत नसेल. हे मला जागच्या जागी सुचलं. लगेच टिपून ठेवलं.

वाचन: पुस्तक हिच्याकडे. शून्य पानं, पण चिंतन भरपूर.

१० मार्च, बुधवार

हिने सकाळी दारात चपला घालताना सांगितलं की वीस तारखेला चार वाजता माझी बस आहे. मी म्हटलं, अगं वीसला माझं व्याख्यान, पुढच्या बसने जा. हिने दुसरी चप्पल घातली. मग म्हणाली, अशी पुढची-मागची नसते ती. कुठे निघालीय ते विचारायचं राहिलं. बहुतेक मेहुणीकडे.

समोरच्या खुर्च्यांत आपलं माणूस असलं की वक्त्याला बळ येतं. शिवाय मला गाडीने सोडणार कोण? मी गाडी चालवत नाही. विचार करणाऱ्या माणसाने चालवू नये.

१२ मार्च, शुक्रवार. सकाळी सात

ही हल्ली पहाटे साडेपाचला फिरायला जाते. आठवडा झाला. माझाही असाच निश्चय होता, पण घरातल्या एकाने फिरलं तरी घरात शिस्त येते.

येते तेव्हा हाताला डिझेलचा वास. रस्त्यावर प्रदूषण किती वाढलंय. पत्र लिहिलं पाहिजे कुणालातरी.

आल्यावर खांद्याचे व्यायाम. दोन्ही हात लांब धरून परातीएवढं गोल फिरवते, मान वळवून मागे बघते, तोंडाने काहीतरी मोजते. या वयात फ्रोझन शोल्डरची काळजी घ्यायलाच हवी. मी तसं म्हटलं. ही हसली. बऱ्याच दिवसांनी.

१४ मार्च, रविवार. सकाळ

ही बाहेर. पुस्तक टेबलावर. सुवर्णसंधी.

सलग वाचणं हे नवशिक्याचं काम. मुरलेला वाचक पुस्तक कुठूनही उघडतो आणि भाताच्या एका शितावरून ओळखतो. डोळे मिटून उघडलं. पान २८८. अगदी खाली, एकटीच ओळ: ‘ती गेली.’

पुढचं पान कोरं.

सुन्न झालो. दोन शब्द. आजारपणाचं वर्णन नाही, रडारड नाही, काही नाही. त्या कोऱ्या पानाकडे किती वेळ बघत बसलो कोण जाणे. डोळे ओले झाले, हे इथे लिहायला हरकत नाही. आयुष्यभर त्याच्या पात्रांना जिने बोलायला लावलं ती एक शब्द न बोलता गेली.

पुढे वाचवेना. आता राहिलंय काय त्यात? तो थोर गृहस्थ पश्चात्ताप करत असेल अडीचशे पानं. करू दे.

व्याख्यानाचा शेवट मिळाला. हिला सांगणार नाही. सभागृहातच ऐकू दे, सगळ्यांसोबत.

१७ मार्च, बुधवार. संध्याकाळ

आरशासमोर तालीम. आवाज लागतोय. तपकिरी जाकीट की राखाडी? राखाडी. प्रसंग गंभीर आहे.

तालमीला हिला समोर बसवलं. चौथ्या मिनिटाला तिने विचारलं, तुम्ही पुस्तक वाचलंत का? मी म्हटलं, पुस्तक वाचायचं नसतं, पचवायचं असतं. मग ती म्हणाली की तिलाही शनिवारचं जरा टेन्शन आलंय. माझ्या व्याख्यानाचं हिला टेन्शन. तीस वर्षांच्या संसारात माणूस असा एकजीव होतो. मी तिला धीर दिला: काही होत नाही, मी आहे ना.

१९ मार्च, शुक्रवार

मुद्दे कागदावर हवेत. माझे मुद्दे डोक्यात तयार आहेत, फक्त ते कोणते हे लिहून काढायला हवं. हिला म्हटलं, तूही वाचलंयस, तू चार पानं लिहून काढ, तुलाच वाचल्याचा फायदा होईल. ही म्हणाली, उद्या माझं एवढं आहे, आज नको ना. मी म्हटलं, अर्धा तास. तिने लिहायला घेतलं, ड्रायव्हिंग स्कूलच्या पॅडवर.

अक्षर सुरेख आहे हिचं. हे मी कधी पाहिलं नव्हतं.

२० मार्च, शनिवार. सकाळी दहा

महत्त्वाचा दिवस. दाढी दोनदा.

दुपारी सव्वातीन

ही निघून गेली. दारातून म्हणाली, मला शुभेच्छा तरी द्या. मी म्हटलं, तू मला द्यायला हव्यास. ती म्हणाली, दिल्या. आणि गाडी घेऊन गेली.

कागद टेबलावर आहेत. पाच पानं. पहिली दोन वाचली, पुरेशी आहेत. बाकी ऐनवेळी वाचली म्हणजे ताजेपणा राहतो. व्याख्यानाला पायी जावं लागणार. सगळेच थोर वक्ते पायी गेले असतील कधी ना कधी.

संध्याकाळी आठ

काही गोष्टी घडल्या. क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको.

हजेरी सदतीस. बायका तीस. सेक्रेटरींनी ओळख करून दिली, ‘वैद्यकीय साहित्याचे जाणकार’ म्हणून. चूक काढली नाही.

पहिली दोन पानं, म्हणजे हिची, झकास गेली. ‘त्याला तिचं बोलणं हवं होतं, तिचं म्हणणं नको होतं,’ या वाक्याला मागच्या रांगेतून ‘वा’ आलं. तिसरं पान घेतलं. त्यावर लेखकाच्या स्वभावावर मोठे धारदार शेरे होते. मी एकेका वाक्यानंतर थांबत वाचत गेलो. “वळताना शेजारच्याचा विचार करत नाही. आरशात बघतो, पण स्वतःलाच. मागून कोण येतंय याचं भान शून्य. चूक दाखवली की रस्त्याला दोष देतो. दर वेळी ब्रेक मला लावावा लागतो.”

टाळ्या. खऱ्याखुऱ्या. पहिल्या रांगेतल्या दोघी डोळे पुसत होत्या. हिची भाषा जरा गाड्यांच्या अंगाने जाते, पण मी आवाजाने सावरून घेतली.

टाळ्यांनी माणूस उंच होतो. मी उरलेली दोन पानं बाजूला सारली आणि उत्स्फूर्त बोलू लागलो. पान २८८. दोन शब्द. कोरं पान. असं बोललो की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटी म्हणालो, इतिहासाने जिला साधी श्रद्धांजली वाहिली नाही, तिच्यासाठी आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहू या.

अर्धे उठले. सेक्रेटरीही उठले. काही जणी एकमेकींकडे बघत अर्धवट वर, अर्धवट खाली. निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे व्याकरणबाई म्हणतात, त्या बसूनच राहिल्या. सगळं शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, ती मेलेली नाही. ती बोटीने बहिणीकडे गेली. पुढची अडीचशे पानं तिचीच आहेत.”

मी म्हटलं की हे माझं प्रतीकात्मक वाचन आहे. व्याकरणबाईंनी विचारलं, बोटीचं पण? तिथे हशा झाला. उभे राहिलेले कधी खाली बसले ते कळलं नाही. प्रश्नोत्तरं वेळेअभावी झाली नाहीत. वेळ होता.

सेक्रेटरी दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, वेगळं झालं. हा शब्द माझ्या मनात घर करून राहणार.

पायी परत. घरी आलो तर टेबलावर केक आणि ही चक्क गुणगुणत होती. माझ्यासाठी केक आणला हिने. दोन तुकडे खाल्ले. ‘कसं झालं?’ असं तिने विचारलं, मी म्हटलं, ‘उत्तम. तुझं?’ शिष्टाचार म्हणून. ती म्हणाली, पहिल्याच फटक्यात. बस वेळेवर मिळाली असेल.

२१ मार्च, रविवार. सकाळी साडेनऊ

लेकीचा फोन. ती परगावी नोकरीला असते, दर रविवारी फोन करते. फोन मीच उचलला. ‘बाबा, किती भारी ना, मला तर रडूच आलं,’ म्हणाली. बातमी एवढ्या लांब पोचली तर. मी म्हटलं, मेहनत होतीच तशी, महिनाभर दुसरं काही सुचलं नाही. पलीकडून ‘तू? तू काय मेहनत केलीस?’

पुढचं सगळं लेकीकडून कळलं. हिचं ड्रायव्हिंग स्कूल महिनाअखेर बंद होतंय, मालक थकले. सत्तावीस वर्षं जिथे शिकवलं ती जागा जाणार, म्हणून हिने बस चालवायचं हेवी लायसन्स काढायचं ठरवलं. रोज पहाटे डेपोच्या मैदानावर बस चालवायला जायची. काल चार वाजता परीक्षा होती. एकोणपन्नासाव्या वर्षी. मैदानात चौदा जण, तेरा पुरुष. आठचा आकडा काढताना एकही खांब पाडला नाही अशी ही एकटी.

केक त्याचा होता.

दुपारी दोन

हिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? आवाज शक्य तितका दुखावलेला ठेवला होता.

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. “सहा वेळा सांगितलं. सातव्यांदा सांगायचा कंटाळा आला.”

रागाने नाही म्हणाली. पाऊणच्या गाडीची वेळ सांगावी तसं. रागाने म्हणाली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मी इथे येऊन ही वही चाळली. माझ्याकडे लेखी पुरावा आहे, तिच्याकडे नाही, या विचाराने. शाळा बंद होणार, ४ तारीख. माझी बस आहे, १० तारीख. शनिवारचं टेन्शन, १७. उद्या माझं एवढं आहे, १९. चार सापडले. उरलेले दोन मी लिहिले नसावेत.

पुरावा माझ्याच अक्षरात आहे. प्रूफ तपासणाऱ्याच्या नजरेतून चार चुका सुटल्या.

२२ मार्च, सोमवार

ही सकाळी सगळं घर धुंडाळत होती. तिचा एक कागद हरवलाय, दाताच्या डॉक्टरांचा रिपोर्ट. मी विचारलं, दात दुखतोय का? नाही, म्हणाली, एक दाताचे डॉक्टर तिच्याकडे गाडी शिकतात, त्यांना आज शेवटचा रिपोर्ट द्यायचाय. फार वाईट चालवतात, आरशात फक्त भांग बघतात.

मी जाकिटाच्या खिशातलं तिसरं पान काढून गुपचूप पॅडखाली सरकवलं.

हे कुणालाही कधीही सांगायचं नाही. तरी टाळ्या खऱ्या होत्या.

हिची राहिलेली दोन पानं छापखान्यात वाचली. दोन्ही तिच्या जाण्यानंतरची. ती बोटीने गेल्यावर लेखकाने आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत कुणीच कुणाशी बोलत नाही. समीक्षकांनी याला ‘मौनाची शैली’ म्हणून डोक्यावर घेतलं. खाली हिने लिहिलंय: ‘त्याला वाटलं आपण बदललो. घरात फक्त विचारायला कुणी नव्हतं.’

मशीनमन म्हणाला, साहेब, ते पान उलटं धरलंय का? सरळच होतं. मी बराच वेळ उलटत नव्हतो एवढंच.

२९ मार्च, सोमवार. सकाळ

ही आज ट्रेनिंगला गेली. बस कंपनीचं ट्रेनिंग सेंटर दुसऱ्या शहरात, सहा आठवडे. सोडायला स्टेशनवर गेलो. माझ्या सूचना: पोचल्यावर फोन, वेळेवर जेवण, ओव्हरटेक जपून. शेवटची सूचना ऐकून तिने फक्त बघितलं.

गाडी हलल्यावर लक्षात आलं, शुभेच्छा पुन्हा राहिल्या.

सहा आठवड्यांचा प्लॅन: कादंबरी संपूर्ण, रोज तेरा पानं. पहाटे फिरणं. स्वयंपाक शिकणं. हिला रोज पत्र. आल्यावर तिला नवराच ओळखू येता कामा नये.

४ एप्रिल, रविवार

फिरणं: ०. पत्र: अर्धं. स्वयंपाक: अंडी उकडणं जमतं, वेळेचा अंदाज बाकी आहे. एक भिंतीवर.

घरात काही ऐकू येत नाही. म्हणजे फ्रिज येतो. वरच्या मजल्यावरची खुर्ची येते. इतकी वर्षं ही संध्याकाळी काहीबाही सांगत असायची आणि मी ‘हं’ म्हणायचो. आज आठच्या सुमाराला कुणी नसताना ‘हं’ म्हणालो.

१८ एप्रिल, रविवार. सकाळ

पुस्तक उघडलं. कोऱ्या पानाच्या पुढचं पान. म्हटलं बघू तरी काय करते बोटीवर.

बोट लागते तिला. रात्रभर ओकते. सकाळी डेकवर येते आणि पोटभर नाश्ता करते, तीन जणांचा. शेजारचा प्रवासी विचारतो, एकट्याच का? ती म्हणते, हो, आणि किती दिवसांनी खरं उत्तर दिलं याचं तिलाच हसू येतं.

बाराला उठलो तेव्हा पान ३४१ होतं. एकही चूक काढली नाही. असेल एखादी, दिसली नाही.

फोनवर हिला हे सांगायचं होतं. पण ती घाटातल्या ट्रायलबद्दल सांगत होती, उतारावर गिअर कसा धरायचा ते. मी ‘हं’ म्हणालो. मग विचारलं, म्हणजे ब्रेकवर पाय ठेवायचाच नाही? ती बावीस मिनिटं बोलली. मला अर्धं कळलं नाही. फोन ठेवताना कान गरम झाला होता.

८ मे, शनिवार

ही आली. वाळलीय, काळवंडलीय, तळव्यांना घट्टे. युनिफॉर्मचे दोन जोड आणलेत. छातीवरच्या पट्टीवर तिचं नाव, आडनावासकट. छापील नाव माझ्या धंद्यातलं, म्हणून शुद्धलेखन तपासलं. बरोबर आहे.

कादंबरी वाचून झाली का, म्हणाली. मी म्हटलं, जवळजवळ. पान ४०२. खरं ते लिहावं, ही वही आपलीच आहे.

संध्याकाळी सेक्रेटरी येऊन गेले. मला वाटलं पुढचं व्याख्यान. त्यांना वाचनालयाची ट्रिप काढायची आहे आणि बस चालवणाऱ्या बाई मिळतील का, असं विचारायचं होतं. जाताना मला म्हणाले, तुम्हीही या, जागा असेल.

१७ मे, सोमवार. सकाळी सहा

हिची आज पहिली ड्यूटी, शहरातलीच. सव्वाआठला तिची बस बाजाराच्या स्टॉपवर येते. मी छापखान्यात तासभर उशिरा येईन असं सांगितलंय. जाकीट राखाडी. एक वाक्य तयार केलंय, तीस वर्षांत हिला म्हटलं नाही असं. आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. स्वतःचं आहे, कुणाकडून घेतलेलं नाही.

संध्याकाळी साडेसहा

वस्तुस्थिती:

स्टॉपवर पावणेआठपासून उभा. दोन बसेस मुद्दाम सोडल्या, त्यामुळे स्टॉपवरच्या मंडळींनी मला वेड्यात काढलं. तिसरी आली. केवढी मोठी असते जवळून. आणि वर, त्या काचेमागे, ही. दोन्ही हात लांब, परातीएवढ्या चाकावर. बस स्टॉपला अशी टेकवली की पायरी आणि फुटपाथ यांत वीतभरही फट नाही.

मी पुढून चढलो. बोलायला तोंड उघडलं. मागून माणसांचा लोंढा. ही समोर बघतच म्हणाली, “आत सरका, दारात थांबू नका.” सगळ्यांना म्हणाली असेल.

तिच्या मागच्याच सीटवर जागा मिळाली. शेजारी एक आजोबा पिशवी मांडीवर घेऊन. म्हणाले, बाई छान चालवतात, मणक्याला धक्का बसत नाही. मी म्हटलं, माझी बायको आहे. त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि तिकीट काढलंत ना, असं विचारलं. मी सांगणार होतो की तिच्या तयारीत माझाही वाटा आहे. वाटा कोणता ते चार स्टॉप आठवलं नाही. मग गप्प बसून बघत राहिलो. आरशात बघते, उजव्या, डाव्या, पुन्हा उजव्या. एक सायकलवाला मध्ये आला तर तिने हॉर्न नाही वाजवला, फक्त थांबली आणि त्याला जाऊ दिलं.

शेवटच्या आधीचा स्टॉप छापखान्याचा. उठलो, तिच्या जवळ जाऊन उभा राहिलो आणि ते वाक्य म्हणालो. इंजिनाचा आवाज फार होता. म्हणालो मात्र सगळं. तिने मान वळवली, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. तीन-चार शब्द. दार फसकन उघडलं, आवाजात काही कळलं नाही. मी मान डोलावली, नेहमीसारखी, आणि चढणाऱ्यांना रेटत पुढूनच उतरलो. दोघांच्या पायांवर पाय पडला.

दिवसभर ते तीन-चार शब्द. प्रूफात लक्ष नाही. काय म्हणाली असेल? ओठांवरून ‘म’ वाटला. ‘मलाही’ने सुरू होणारं काही? ‘मी कधीपासून वाट…’ असं काही? डोळे तर तसेच होते. साडेचारपर्यंत माझी जवळजवळ खात्री पटली होती. लेकीला फोन करून काढून घ्यावं असंही मनात आलं, पण लेक बसमध्ये नव्हती.

पाचला ही घरी आली. चहा मी केला. तिच्यासमोर ठेवला आणि बसलो. पुन्हा ‘हं’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. म्हणालो, “सकाळी तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगशील?”

हिने कप खाली ठेवला. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं आता रडेल, आणि मीही तयार होतो. मग ती हळूच, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “मी म्हटलं, मागच्या दाराने उतरा.”